पेला, पाणी आणि मत

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध, क्रांतिबा जोतीराव फुले, क्रांतिज्योती सावित्रीमाई, राजर्षी शाहू महाराज आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस प्रथम अभिवादन करतो. विहाराच्या वर्धापनदिनी आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितले, याबद्दल कमिटीचे आभार मानतो. दोन शब्द म्हणता म्हणता किती होतील ते सांगता येत नाही. आचारी मंडळींनी भोजनाचे पातेले झाकून ठेवावे, ही विनंती!

विषय काय घ्यावा, याचा आम्ही आठवडाभर विचार करत होतो. विषय सापडला तो आपल्याच कट्ट्यावर. निवडणुकीच्या गोष्टी चालल्या होत्या. आपली पोरं बसली होती, आणि एकजण मोठ्या आत्मविश्वासाने सांगत होता, "मला नुसतं कळू द्या माणूस काय पितो, तो कोणाला मत देणार ते मी सांगतो. काळी कॉफी पिणारा अमक्या पक्षाचा, मसाला दूध पिणारा तमक्या पक्षाचा, आणि क्वार्टर पिणारा जो पाजेल त्या पक्षाचा!" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी आल्यावर ते हसणे काही पचेना. हसता हसता त्या पोराने तीन गोष्टी एकत्र कालवल्या होत्या, आणि त्यातली तिसरी हसण्यासारखी नव्हती. म्हणून आज हाच विषय. माणसाच्या पेल्यावरून त्याचे राजकारण ओळखता येते काय?

आपल्याला वाटेल की असला प्रश्न रिकामटेकड्यांचा. तसे नाही. अमेरिकेसारख्या देशात यावर विद्वानांनी डोके चालवले आहे. तिकडे लाटे नावाची कॉफी मिळते, म्हणजे भरपूर दूध घातलेली फेसाळ कॉफी. २००४ साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या तयारीत हॉवर्ड डीन नावाचे एक उमेदवार होते. त्यांच्या विरोधात टीव्हीवर एक जाहिरात आली, आणि तिच्यात त्यांच्या पाठीराख्यांना "लाटे पिणारे" म्हणून हिणवले गेले. जणू दुधाची कॉफी प्यायली की माणूस डावा झाला आणि साधी प्यायली की उजवा! पुढे २०१५ मध्ये डॅनियल डेलापोस्टा, योंगरेन शी आणि मायकेल मेसी या तीन संशोधकांनी समाजशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात यावरच लेख लिहिला. उदारमतवादी लोक लाटे का पितात, असा त्याचा प्रश्नच होता. त्यांच्या उत्तराचा सारांश आपल्या भाषेत सांगायचा तर असा: कॉफीत मत नसते आणि मतात कॉफी नसते. माणूस आपल्यासारख्यांच्यात उठतो-बसतो. ते जे खातात-पितात ते हाही उचलतो. सुरुवातीला फरक एवढासा असतो. पण एकमेकांचे पाहून पाहून तो फुगत जातो, आणि मग बाहेरून बघणाऱ्याला वाटते की हे सारे विचाराने ठरले आहे.

म्हणजे पेल्यातून कळते ती संगत, मत नव्हे. हा मुद्दा आपण ध्यानात ठेवू. पुढे तो कामाला येणार आहे.

आता अमेरिका सोडून आपण पुण्यात येऊ. कारण पेल्यावरून माणसाची परीक्षा घेण्याचा उद्योग आपल्याकडे त्याच्या सव्वाशे वर्षे आधी होऊन गेला आहे. १८९० सालचा ऑक्टोबर महिना. पुण्यात पंचहौद मिशन म्हणून ख्रिस्ती मिशनऱ्यांचे ठिकाण आहे. तिथे व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली बडी मंडळी जमली. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला. पण तिथे हजर असलेल्या गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशींच्या यजमानांनी, सगळ्यांची नावे 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आणली. झाले! ख्रिस्त्याच्या हातचा चहा म्हणजे धर्म बुडाला, असा गवगवा झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. बहिष्कार, चौकशी, प्रायश्चित्त, दोन वर्षे पुण्यात दुसरा विषय नव्हता.

त्या यादीत नावे कोणाची होती बघा. न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. एक समाजसुधारणेचा पुरस्कर्ता आणि दुसरा तिचा कडवा विरोधक. चहा एकच, किटली एकच, टेबल एकच. त्याच सुमारास, १८९१ मध्ये, मुलीच्या संमतीवयाचा कायदा आला. रानडे त्याच्या बाजूने उभे राहिले आणि टिळक विरोधात. आता त्या चहाच्या पेल्यावरून कोणाचे मत ओळखणार? आणखी गंमत पुढे आहे. सुधारक म्हणवणाऱ्या रानड्यांनी १८९२ मध्ये या चहापायी प्रायश्चित्त घेतले. टिळकांनीही आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. पेला वेगवेगळे विचार सांगत नव्हता. पेल्याच्या मागे असलेली जातीची भीती मात्र दोघांना सारखीच होती.

दुसरा दाखला घ्या. दारू न पिणाऱ्यांचा एक पक्ष असतो काय? महात्मा गांधी दारूचे कट्टर विरोधक. बाबासाहेबांनीही आयुष्यभर दारूला स्पर्श केला नाही. पण १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात हे दोघे समोरासमोर आले, तेव्हा आपल्या राजकीय हक्कांच्या प्रश्नावर दोघांत केवढे अंतर होते, ते आपल्या घराघरात ठाऊक आहे. दोघांच्याही पेल्यात दारू नव्हती. मग पेल्याने काय सांगितले? काही नाही.

तिसरा दाखला थोडा गमतीचा. १९७७ मध्ये केंद्रात जनता पक्षाचे सरकार आले आणि कोका-कोला कंपनीने भारतातून गाशा गुंडाळला. त्या जागी सरकारी कारखान्यातून एक नवे शीतपेय निघाले. त्याचे नाव 'डबल सेव्हन', म्हणजे सत्त्याहत्तर. सरकार ज्या साली आले, त्याच सालाचे नाव बाटलीला! असे असूनही ज्यांनी जनता पक्षाला मते दिली, ते सारे डबल सेव्हन प्यायले असे झाले नाही. लोकांनी थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट प्यायले. पुढे सरकार गेले आणि मागोमाग ते पेयही गेले. कोका-कोला १९९३ मध्ये परत आला. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत तर चहाच प्रचाराला उतरला. चहा विकण्यावरून टीका झाली, आणि त्या टीकेचेच भांडवल करून टपऱ्यांवर 'चाय पे चर्चा' झाली. पण टपरीवरचा कटिंग सगळ्याच पक्षांचे कार्यकर्ते पितात, आणि उधारीही सगळेच ठेवतात.

तेव्हा कट्ट्यावरच्या पोराला आमचे पहिले उत्तर असे: बाबा रे, माणूस काय पितो यावरून त्याचे मत कळत नाही. कोणी कॉफी प्यायली म्हणून तो शेठजी झाला नाही, आणि ताक प्यायला म्हणून भटजी झाला नाही. आपल्याच समाजात आज कोणी ग्रीन टी पितो, कोणी कोरा चहा पितो. त्यावरून "हा आपल्यातला राहिला नाही" असे शिक्के मारू नका.

पण मित्रहो, विषय इथे संपला असता तर आम्ही एवढ्या लांबून प्रस्तावना केली नसती. काय पितो हा प्रश्नच चुकीचा आहे. खरे प्रश्न तीन आहेत. पेला कोणाचा? संगत कोणाची? आणि पैसा कोणाचा? या तीन प्रश्नांतून मात्र माणसाचे राजकारण आरशासारखे दिसते.

पहिला प्रश्न, पेला कोणाचा. १९०१ सालची गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत भावाबरोबर आणि भाच्यासोबत ते वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. नवे कपडे, हातात डबा. वडिलांना पत्र मिळाले नव्हते, म्हणून न्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तरला जात कळली आणि तो लांब सरला. शेवटी दुप्पट भाड्याने बैलगाडी मिळाली. पण गाडीवान विटाळाच्या भीतीने गाडीत बसेना, पोरांनीच गाडी हाकायची आणि त्याने पायी चालायचे असे ठरले. रात्र झाली. डब्यात जेवण भरपूर होते. पण पाणी नव्हते, आणि पाणी द्यायला कोणी तयार नव्हते. जेवण असून ती पोरं उपाशी राहिली, कारण पाण्यावाचून घास उतरेना. बंधूंनो, त्या रात्री त्या मुलांची आवड-निवड कोणी विचारली नव्हती. त्यांना नुसते पाणी पाहिजे होते.

ही एका घराची गोष्ट नाही. आपल्यापैकी जे साठीच्या पुढचे आहेत, त्यांनी आठवून बघावे. आमच्या गावच्या हॉटेलात आमच्या लोकांसाठी कानतुटके कप बाहेर कुडाला अडकवलेले असत. आपणच कप काढायचा, आपणच पुढे धरायचा, वरून चहा ओतला जायचा, आणि पिऊन झाल्यावर आपणच विसळून परत अडकवायचा. पैसे मात्र पुरते. आपल्या पैशाला विटाळ नव्हता, ओठाला होता. आत बाकावर बसलेले लोकही तोच चहा पीत होते. साखर तीच, दूध तेच. पण गावाचे सगळे राजकारण त्या कुडात ठोकलेल्या खिळ्यावर लटकत होते.

ह्याच खिळ्याविरुद्ध आपल्या महापुरुषांनी लढा दिला. ज्या पुण्यात पुढे चहावरून दोन वर्षे वाद झाला, त्याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. हेच जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० मध्ये, शहरात दारूची दुकाने वाढवण्याला विरोध करत होते. पाण्याचा हौद उघडा आणि दारूचे दुकान बंद करा, हे त्यांचे राजकारण! एका ओळीत सांगता येईल असे.

कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी काय केले? गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली. 'सत्यसुधारक' त्याचे नाव. पण अस्पृश्याच्या हॉटेलात गिऱ्हाईक येणार कोण? तर स्वतः महाराज! गाडी हॉटेलापुढे थांबायची, महाराज चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही प्यायला लावायचे. राजाने प्यायल्यावर सरदार नाही कसा म्हणणार? दहा भाषणांनी जे झाले नसते, ते एका कप चहाने झाले. पुण्याची मंडळी चहा पिऊन प्रायश्चित्त घेत होती, आणि कोल्हापूरचा राजा चहा पिऊन जुन्या पापाचे प्रायश्चित्त करत होता.

आणि मग महाड. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सगळे झाले. पण पाण्याला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. १९२७ च्या मार्चमध्ये परिषद भरली, तेव्हा जमलेल्या लोकांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले. तळे हाकेच्या अंतरावर, आणि पाणी विकत! २० मार्चला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर आपल्या लोकांवर हल्ला झाला, डोकी फुटली. आणि मग तळे बाटले म्हणून १०८ घागरी भरून शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून त्याची 'शुद्धी' केली गेली. खटला चालला. निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडले. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे!

त्या दिवशी तळ्याच्या काठावर स्पृश्य समाजातले अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे लोकही आपल्या बाजूने होते, हे आपण विसरू नये. त्यांचे राजकारण त्यांच्या जातीवरून ओळखता आले नसते, आणि त्यांच्या आवडत्या पेयावरून तर नाहीच नाही. ते कोणाच्या शेजारी उभे राहिले, यावरून ओळखता आले.

पुढे बाबासाहेबांनी हीच ओंजळ संविधानात नेऊन ठेवली. कलम १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांचा शब्दाने उल्लेख आहे. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्यात तर सार्वजनिक उपाहारगृहातली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरला. म्हणजे कपबशीवर कायदा करावा लागलेला हा देश आहे.

आता कोणी म्हणेल, ह्या जुन्या गोष्टी झाल्या. आज टपरीवर सगळ्यांना सारखाच कागदी कप मिळतो. खरे आहे. पण आम्हाला कधी कधी वाटते की कागदी कपाने भेद मिटवला नाही, झाकला. प्यायचा आणि फेकायचा. विसळायचा प्रश्न नाही, म्हणून कोण विसळणार हा प्रश्नही नाही. खरी परीक्षा घरात आहे, जिथे कप परत फळीवर जातो. आपल्या भगिनी मोठमोठ्या सोसायट्यांत धुण्या-भांड्याला जातात. त्यांना विचारा. मालकीणबाई बोलायला गोड, विचार पुढारलेले, भिंतीवर थोरांच्या तसबिरी. पण कामाच्या बाईचा कप वेगळा, खिडकीत उपडा ठेवलेला. त्या घरात मत कोणत्या पक्षाला पडते ते आम्हाला ठाऊक नाही. पण त्या घराचे राजकारण त्या उपड्या कपाखाली झाकलेले आहे, एवढे आम्ही सांगू शकतो.

आणि बंधूंनो, बोट दुसऱ्याकडे दाखवताना तीन बोटे आपल्याकडे असतात. आपल्या वस्तीत सफाईच्या कामाला येणारा माणूस पाणी मागतो, तेव्हा आपण कोणता पेला पुढे करतो? स्टीलचा, का मागच्या दारातला प्लास्टिकचा? आपल्यापेक्षा खालचा समजला गेलेला कोणी दाराशी आला, तर आपल्या हाताला पेला शोधायला उशीर का लागतो? आमच्या घरात असे झालेले आहे. आमच्या लक्षात आणून दिले ते घरातल्या लहान मुलीने. "आपण बाहेरचा पेला का दिला?" एवढेच तिने विचारले. आम्हाला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी तो पेला आम्ही झाडांना पाणी घालायला लावून दिला. आपला कुडातला खिळा काढायला शंभर वर्षे लागली. तो खिळा आपण आपल्या घरात ठोकू नये.

आता दुसरा आणि तिसरा प्रश्न, संगत कोणाची आणि पैसा कोणाचा. हे दोन प्रश्न एकत्र घेतो, कारण बाटलीच्या बाबतीत ते एकत्रच येतात.

तथागतांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला उपदेश केला. तो सिगालोवाद सुत्तात आहे. त्यात मद्यपानाचे सहा तोटे सांगितले आहेत: पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग येतात, नाव बदनाम होते, लाज सुटते आणि बुद्धी दुबळी होते. अडीच हजार वर्षे झाली, यादीत एकही खोडता येत नाही. त्याच सुत्तात पेल्यापुरत्या मित्राची गोष्ट आहे. जो नुसता पिण्याच्या वेळी सखा असतो, तो मित्र नव्हे. गरजेला उभा राहतो तो मित्र. अमेरिकेतल्या विद्वानांनी जे २०१५ मध्ये मांडले, की पेल्यातून संगत दिसते, ते तथागतांनी केव्हाच हेरले होते. म्हणून तर पंचशीलात पाचवे शील मद्यापासून अलिप्त राहण्याचे आहे. म्हणून तर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे.

आता निवडणुकीच्या दिवसांत वस्तीत काय होते, ते आम्ही सांगायला नको. कायद्याने मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास दारूविक्री बंद असते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच तशी तरतूद आहे. दुकान बंद, पण बाटली बंद नाही. ती आधीच येऊन पडलेली असते. ती कोणत्याही एका पक्षाची नसते हो! ज्याला आपले मत विचाराने मिळणार नाही असे वाटते, तो बाटली धाडतो. म्हणून कट्ट्यावरच्या पोराचे तिसरे वाक्य आम्हाला झोंबले. "क्वार्टर पिणारा जो पाजेल त्या पक्षाचा." इथे पेला खरोखरच मत सांगतो. पण ते पिणाऱ्याचे मत नसते, पाजणाऱ्याचे असते. पिणाऱ्याचे मत त्याने बाटलीबरोबर रिकामे केलेले असते.

आपल्या वस्तीतल्या एका आजीने गेल्या खेपेला आपल्या नातवाला चांगलाच हिशोब शिकवला. त्या म्हणाल्या, "एका क्वार्टरवर पाच वर्षं विकलीस. रोजची किती पडली सांग की!" नातू गप्प. आम्ही घरी येऊन पाटीवर मांडून बघितले. क्वार्टर १८० मिलीलीटरची. पाच वर्षांचे दिवस, लीप वर्ष धरून, १८२६. भागाकार केला तर दिवसाला एक दशांश मिलीलीटरही पुरते येत नाही. म्हणजे जेमतेम दोन थेंब! पोलिओचेही दोनच थेंब असतात. पण ते दोन थेंब पोराला पायावर उभे ठेवतात, आणि हे दोन थेंब बापाला आडवे करतात. आणि त्या आडव्या बापाच्या वस्तीत गटार तुंबले, नळाला पाणी आले नाही, शाळेला मास्तर मिळाला नाही, तर तो नगरसेवकाच्या दारात कोणत्या तोंडाने जाणार? तिकडून उत्तर ठरलेले, "तुमचा हिशोब तेव्हाच चुकता केला की!"

ज्या समाजाने ओंजळभर पाण्यासाठी डोकी फोडून घेतली, त्या समाजाने घोटभर दारूसाठी मत द्यावे? बाबासाहेबांनी प्रत्येक माणसाला एक मत आणि प्रत्येक मताला एक मूल्य मिळवून दिले. ते मूल्य आपणच १८० मिलीलीटर ठरवायचे काय?

पण निराश व्हायचे कारण नाही. बाटलीला हरवायची रीत आपल्या महाराष्ट्रातल्या बायांनी दाखवली आहे. दारूचे दुकान बंद करण्यासाठी गावात वा वॉर्डात महिलांचे मतदान घेता येते. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडवी बाटली निवडली, तर दुकान बंद. कित्येक ठिकाणी बायांनी आपल्या मताने बाटली आडवी केली आहे. जगात दुसरीकडे पेल्यावरून मत ओळखायचा खेळ चालतो. इथे अंगठ्याने आणि शिक्क्याने मतच पेल्यावर पडते! अर्थात नुसत्या बंदीवरही विसंबून चालत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. सरकारची बंदी सरकारच्या हातात. मनाची बंदी आपल्या हातात. तिलाच आपण शील म्हणतो.

तेव्हा शेवटी, आजच्या दिवशी विहारापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. कमिटीने पटल्या तर घ्याव्या.

एक. विहाराच्या दारात पाण्याचा माठ आहे. त्यावर झाकण आहे, पण पेले दोन-चारच, आणि तेही साखळीने बांधलेले. तिथे चांगले स्टीलचे पेले ठेवावेत. रस्त्याने जाणारा कोणीही, कोणत्याही जातीचा, धर्माचा, पोस्टमन असो, भंगारवाला असो, कचरा वेचणारी बाई असो, त्याने त्याच पेल्याने पाणी प्यावे आणि विहार कमिटीच्या अध्यक्षांनीही त्याच पेल्याने प्यावे. महाडचे स्मारक महाडला आहेच. ही त्याची आपल्या दारातली शाखा.

दोन. निवडणुकीत कोणत्याही पक्षाचा उमेदवार वस्तीत आला, तर त्याला पहिल्यांदा विहाराच्या माठातले पाणी द्यावे, त्याच पेल्यात. पितो का बघावे. फोटोवाला नसतानाही पितो का, हेही बघावे! पाणी प्यायला की मग सतरंजीवर बसवून नळाचे, गटाराचे, शाळेचे प्रश्न विचारावेत. आपल्याकडून त्याला पाणी, आणि त्याच्याकडून आपल्याला उत्तर. बाटलीची देवघेव नको.

तीन. चौदा एप्रिलच्या वर्गणीत दारूच्या दुकानदाराचा वा बाटली वाटणाऱ्याचा एक पैसाही घेऊ नये. मिरवणूक लहान निघाली तरी चालेल. बाबासाहेबांच्या रथापुढे झिंगलेले पाय नाचले, तर तो जयंतीचा जल्लोष नव्हे. आणि जो पिणे सोडू इच्छितो त्याला हिणवू नये. त्याला संध्याकाळी विहारात बोलवावे, शेजारी बसवावे, चहा पाजावा. तथागतांनी आनंदाला सांगितले होते की कल्याणमित्राची संगत म्हणजे धम्मजीवनाचा अर्धा भाग नव्हे, तर ते सगळेच जीवन होय. ज्याची संध्याकाळ रिकामी, त्यालाच बाटलीचा सखा मिळतो. आपण त्याच्या संध्याकाळी रिकाम्या ठेवू नयेत.

तो कट्ट्यावरचा पोरगा आज समोरच बसला आहे, खाली मान घालून. बाळा, मान वर कर. तुझ्यामुळेच आम्हाला विषय मिळाला. यापुढे कोणी काय पितो ते बघू नकोस. तो कोणाच्या पेल्याने पितो, कोणाच्या शेजारी बसून पितो, आणि कोणाच्या पैशाने पितो, ते बघ. आणि पहिल्यांदा स्वतःचा पेला बघ. आम्हीही आमचा बघू.

आता भोजनाची वेळ झाली. पंगतीत पाणी वाढायला तरुणांनी उभे राहावे, आणि सगळ्यांना सारखे पेले द्यावेत.

एवढे बोलून आमचे दोन शब्द संपवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!